टेकडीत मिसळणारं संग्रहालय: पुरायचं, झाकायचं की नुसतं टेकवायचं?

उतरण:
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी आर्किटेक्ट आहे. आजवर घरं, दोन शाळांच्या वाढीव इमारती आणि एक वाचनालय एवढंच हातून झालंय. आता आमच्या चार माणसांच्या ऑफिसकडे एक संग्रहालय आलंय आणि ते माझ्या टेबलावर आहे. संग्रह तीन प्रकारचा: खडक आणि जीवाश्म, दगडी हत्यारं, आणि एका अभ्यासकाने आयुष्यभर हिंडून गोळा केलेल्या वनस्पती, म्हणजे हर्बेरियमचे (वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांचे) साडेचार हजार कागद. त्यातल्या बऱ्याच वनस्पती आजही त्याच टेकडीवर उगवतात जिथे संग्रहालय व्हायचंय. मला या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, पण समितीच्या टिपणात तिचा उल्लेखही नाही. टिपणात एकच वाक्य तीनदा आलंय: "इमारत निसर्गात मिसळून गेली पाहिजे, बाहेरून दिसता कामा नये."

जागा अकरा एकर. वरच्या आणि खालच्या कुंपणात १४ मीटरचा फरक. मधून पावसाळी ओढा. चार खूप मोठी झाडं, बाकी गवत आणि झुडपं. चाचणीचे पाच खड्डे घेतले. कातळ कुठे फूटभरावर लागला, कुठे तीन मीटरवर. बांधकाम साधारण १८०० चौरस मीटर.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. सगळं जमिनीखाली घालायचं. किंवा अर्धं उतारात दाबून वर गवताचं छप्पर. तिसरी कल्पना समितीतल्या एका सभासदांची: बाहेरून भिंतींना आरसे लावायचे, म्हणजे झाडंच झाडं दिसतील. ही माझ्या मनाला पटत नाही, पण बैठकीत 'नको' म्हणायला ठोस कारण सापडलं नाही.

कुणी असं काही केलं असेल, निदान जाऊन नीट बघितलं असेल, तर सांगा: सुरुवात कुठून करू? फोटो नकोत. फोटो माझ्याकडे दोनशे आहेत.

रेघोट्या:
फोटो नकोत तर नावं देतो.

बिनधास्त पुरून टाका. जपानमध्ये नाओशिमा बेटावर तादाओ आंदोंचं चिचू संग्रहालय आहे, २००४ सालचं. 'चिचू'चा अर्थच 'जमिनीच्या पोटात'. वरून पाहिलं तर टेकडीवर कुणी चौकोन-त्रिकोण कापून ठेवल्यासारखं दिसतं, बाकी सगळं खाली. कलाकार तीनच: मोने, वॉल्टर डी मारिया, जेम्स टरेल. मोनेची कमळांची पाच चित्रं आहेत आणि त्या दालनात दिव्यांचा उजेडच नाही, जो काय तो आकाशाचा. मी आत असताना वर ढग आला आणि समोरच्या चित्रातलं पाणी डोळ्यांदेखत काळवंडलं. अंगावर काटा आला होता.

शेजारच्या तेशिमा बेटावर र्‍यूए निशिझावांचं २०१० सालचं काम आहे. साधारण ४० बाय ६० मीटरचं कॉंक्रीटचं कवच, जाडी २५ सेंटीमीटर, आत एकही खांब नाही. सेंटरिंगला, म्हणजे ओलं कॉंक्रीट पेलायला, लाकूड नाही वापरलं, मातीचा ढीग रचून त्यावर कॉंक्रीट ओतलं आणि नंतर खालची माती उपसून काढली. बांधकामाची पद्धतच टेकडीसारखी. याहून जास्त 'मिसळणं' काय असणार?

पाणसळ:
रेघोट्यांनी सांगितलेल्या दोन्ही इमारतींपुढे माझा दंडवत. पण एक फरक लक्षात घ्या. तेशिमाला आत जपायची वस्तूच नाही. फरशीतून पाण्याचे थेंब उमलतात आणि घरंगळत जातात, तीच कलाकृती. छताला दोन भोकं आहेत, पाऊस आत येतो. तिथे आत पाणी आलं की लोक खाली बसून बघत राहतात. तुमच्याकडे आत पाणी आलं तर साडेचार हजार कागद आहेत.

मी स्ट्रक्चरचा माणूस. एकोणतीस वर्षं झाली, त्यातली निम्मी मातीला थोपवून धरण्यात गेली. संग्रहालयं दोनच केली. एक बरं झालं, एक गळलं. बऱ्या झालेल्यातून मी काही शिकलो नाही, म्हणून गळलेल्याचं सांगतो.

अर्धी इमारत उतारात होती, मागची भिंत साडेचार मीटर मातीला टेकलेली. बाहेरून मेंब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) चांगल्या प्रतीचा, त्यावर संरक्षक बोर्ड, मग गिट्टीचा थर, तळाला सच्छिद्र पाइप. ड्रॉइंगवर हे सगळं होतं आणि खाली सही माझी होती. प्रत्यक्षात पाऊस तोंडावर आला म्हणून दोन दिवसांत भराव उरकला गेला. पोकलेनने खोदाईतलेच दगड भिंतीवर लोटले. बोर्ड निम्म्या लांबीला लागलाच नव्हता. त्या दोन दिवसांत मी दुसऱ्या साइटवर होतो. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही, आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याइतक्या उंचीवर तळहाताएवढी ओल उठली. ओल दिसते तिथेच भोक असतं असं नाही, हे तेव्हा कळलं. पाणी मेंब्रेन आणि कॉंक्रीटच्या फटीतून आडवं चालत जातं आणि जिथे वाट मिळेल तिथून आत येतं. बाहेरून उकरायला जावं तर वर लावलेल्या झाडांनी मुळं धरली होती. शेवटी आतून दुसरी भिंत बांधली, दोन भिंतींमध्ये पन्हळ ठेवली, खाली पंप बसवला. दालन एका बाजूने चाळीस सेंटीमीटरने आत आलं आणि आधीच बनवून आलेली काचेची कपाटं बसेनात. तो पंप अजून चालू आहे. वीज गेली की तिथल्या व्यवस्थापकांचा मला फोन येतो.

म्हणून पुरायच्या आधी तीन हिशेब करा.

ओल्या मातीचं वजन घनमीटरला १.८ ते २ टन. गवताला वीतभर माती पुरते, झुडपांना दीड-दोन फूट, झाड हवं असेल तर मीटरभर किंवा जास्त. बारा बाय अठरा मीटरच्या दालनावर मीटरभर माती म्हणजे चारशे टनांच्या आसपास बोजा, तोही कायमचा. त्याला पेलायला तुळया खोल होणार. तुळया खोल झाल्या की तेवढं आणखी खणावं लागणार. छपरावर झाड लावायच्या हौसेपायी कातळ फोडावा लागतो, ही साखळी कागदावर लवकर दिसत नाही.

दुसरा हिशेब खोदाईचा. १८०० चौरस मीटर, पाच मीटर खोल: नऊ हजार घनमीटर. कातळ फोडला की दीडपट फुगतो, म्हणजे साडेतेरा हजार. दहा घनमीटरचा डंपर धरला तर तेराशे-साडेतेराशे फेऱ्या. थोडं परत भरावात जाईल, बाकीचं कुठे टाकणार? बहुतेक वेळा शेजारच्या दरीत. म्हणजे एक टेकडी 'वाचवायला' दुसरीकडे ढिगारा. आणि त्या फेऱ्या ज्या रस्त्याने होतील तो रस्ता तुमच्या गवतातूनच जाणार.

तिसरा पाण्याचा. उताराला आडवी पुरलेली भिंत म्हणजे जमिनीखालचा बंधारा. वरून झिरपत येणारं पाणी तिच्यामागे तुंबतं. तीन मीटर तुंबलं तर तळाशी चौरस मीटरला तीन टनांचा दाब. ते ड्रेनने वळवलंत आणि एकाच तोंडातून सोडलंत तर खाली घळ पडते, आणि खालच्या बाजूच्या झाडांचं पाणी तुटतं. ती चार मोठी झाडं ओढ्याच्या कुठल्या अंगाला आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाडांचा घेर मोजा. खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्या वर्तुळात खोदाई नाही, भराव नाही, सिमेंटची पोतीसुद्धा नाहीत. मीटरभर व्यासाचं खोड असेल तर बारा मीटर त्रिज्या. अशी चार वर्तुळं नकाशावर टाकलीत की तुमचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतील, कारण उरलेली जागाच थोडी असेल.

आता माझं खरं म्हणणं. दोन्ही कामांत मी बघितलं की इमारत लपवायला सगळे जिवाचा आटापिटा करतात आणि मग शंभर गाड्यांचं पार्किंग, जनरेटर, चिलर (एसीचं थंडाव्याचं यंत्र), फायरची गाडी वळायला लागणारं मोकळं आवार आणि ट्रकचा रस्ता यांना उरलेली जागा देतात. टेकडीवर डाग पडतो तो त्यांचा. गवताच्या छपरातून वर आलेले हवेचे धुराडे तुम्ही पाहिलेत का? पुरलेल्या इमारतीला श्वास घ्यावाच लागतो, आगीच्या वेळी धूर बाहेर जावाच लागतो. ते धुराडे फोटोत कधी नसतात.

म्हणून मी तरी इमारतीचं चित्र काढायच्या आधी ट्रकची वाट काढेन. वस्तू घेऊन येणारा ट्रक कुठून येणार, कुठे उलटा फिरणार, कुठे टेकणार. ती रेघ सुंदर बसली की बाकीचं जमतं.

एक प्रश्न: या अकरा एकरांत आधीच बिघडलेली जागा कुठली आहे?

कसर:
पाणसळकाका, पंपाची गोष्ट वाचून पोटात गोळा आला. मी कागद आणि वनस्पतींच्या नमुन्यांचं संवर्धन करते, त्यामुळे माझी बाजू कागदांची.

हर्बेरियमला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड नको, आणि तोही कायमचा नको. एक कागद तीन-चार महिने मांडा, मग अंधारात पाठवा. बाहेर भर उन्हात लाखाच्या आसपास लक्स असतात. तिथून माणूस थेट ५० लक्समध्ये आला तर त्याला काळोख दिसतो आणि तो तक्रार वहीत लिहून जातो की दिवे बंद होते. डोळ्याला उतरायला काही मिनिटं लागतात. म्हणजे दारापासून हर्बेरियमच्या दालनापर्यंतची वाट हळूहळू मंद होत गेली पाहिजे. मध्ये खडक-जीवाश्म ठेवा, त्यांना उजेडाचं फारसं वावडं नाही. आय. एम. पेई यांचं जपानमधलं मिहो संग्रहालय (१९९७) बघा: आधी डोंगरातून बोगदा, मग दरीवरचा पूल, मग दार. त्यांना जुन्या चिनी कथेतल्या हरवलेल्या खोऱ्याची वाट दाखवायची होती म्हणतात, पण माझ्यासारखीला तिथे आधी डोळ्यांची सोय दिसते. तेही तीन चतुर्थांश जमिनीखाली आहे, आणि खणलेली माती नंतर परत वर घालून झाडं लावली.

जमिनीखाली तापमान स्थिर राहतं हे खरं आणि ते मला आवडतं. पण त्याचा उलटा फटका ऐका. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, २६ अंशांच्या जरा वर असतो. तुमची पुरलेली भिंत २४ अंशांवर आहे. दार उघडलं, हवा आत आली, भिंतीला घाम. मेंब्रेन कितीही चांगला असो, हे पाणी आतूनच येतं. म्हणून दोन दारांची मधली खोली हवी, भिंतीला मातीच्या बाजूने उष्णतारोधक थर हवा, आणि आर्द्रता काढायची यंत्रणा तापमानापेक्षा आधी ठरायला हवी. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता रेंगाळली की बुरशी धरते.

आणखी दोन गोष्टी आर्किटेक्टना कुणी सांगत नाही. पहिली: येणारा प्रत्येक नमुना साठ्यात जायच्या आधी पिशवीत बंद करून उणे २० अंशांत किमान आठवडाभर ठेवावा लागतो, किड्यांसाठी. त्यासाठी ट्रकच्या धक्क्याला लागून वेगळी खोली द्या, साठ्याच्या आत नको. दुसरी: जुन्या हर्बेरियमवर कीड लागू नये म्हणून पाऱ्याचा क्लोराइड, म्हणजे जहाल विष, लावायची पद्धत होती. तुमचे कागद किती जुने आहेत? तपासून घ्या. असेल तर साठ्याची हवा सतत बदलती हवी आणि हाताळणारे हातमोजे घालतील. "जमिनीखाली, खिडकी नाही, छान शांत" अशी खोली त्या माणसांना देऊ नका.

आणि गवताचं छप्पर कागदांच्या डोक्यावर नको. खडकांच्या डोक्यावर खुशाल ठेवा.

वाटसरू:
मी बांधकामातला नाही. पक्षी बघतो आणि संग्रहालयं बघत फिरतो, त्यामुळे तिसऱ्या पर्यायाबद्दल मला बोललंच पाहिजे.

आरसे नको. पक्ष्याला आरसा कळत नाही, त्याला त्यात झाडं दिसतात आणि तो पूर्ण वेगाने झाडाकडे जातो. टेकडी जितकी चांगली, पक्षी जितके जास्त, तितकी भिंतीखाली प्रेतं जास्त. साध्या मोठ्या काचांनाही हेच लागू. काच लावायचीच असेल तर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके किंवा रेघा द्या, त्यातून घुसता येणार नाही हे पक्ष्याला कळतं. समितीला एवढंच सांगा. पहिला मेलेला पक्षी उद्घाटनाच्या पाहुण्यांसमोर पडला तर कसं दिसेल, हेही विचारा.

आणि 'दिसता कामा नये' या वाक्याशीच माझं भांडण आहे. मोबाईलच्या टॉवरला प्लास्टिकच्या झावळ्या लावून ताडाचं झाड करतात, ते कधी कुणाला फसवतं का? मला आवडलेली संग्रहालयं लपत नाहीत, बाजूला सरून उभी राहतात. डेन्मार्कचं लुइझियाना, १९५८. योर्गेन बो आणि विल्हेल्म वोलर्ट हे दोघे आर्किटेक्ट आधी कित्येक महिने त्या बागेत नुसते हिंडले म्हणतात. जुन्या घरापासून निघालेली एक बुटकी, काचेची, पांढऱ्या विटांची वाट झाडांमधून वळत समुद्राकडे जाते. आपण चित्र बघतो, मग झाड, मग परत चित्र. जाकोमेत्तीच्या काटकुळ्या पुतळ्यांमागे तळं दिसतं. ती इमारत दिसते, पण तिच्याकडे बोट दाखवावंसं वाटत नाही.

नॉर्वेत आल्मानायुवेत पीटर झुम्थोर यांचं २०१६ सालचं खाण-संग्रहालय आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात जस्ताची खाण होती. काळ्या खोक्यासारख्या छोट्या इमारती लाकडी पायांवर घळीच्या कडेला उभ्या आहेत. जमीन तशीच, खालून. डेन्मार्कच्याच वाडन समुद्राकाठी दोर्ते मांड्रुप यांचं केंद्र (२०१७) बोरूच्या काड्यांनी शाकारलेलं आहे, छप्पर आणि भिंतीसुद्धा. दुरून सपाट दलदलीत लांब ढीग पडल्यासारखं दिसतं. यांतलं एकही पुरलेलं नाही.

भोपाळचं भारत भवन बघितलं असेलच (चार्ल्स कोरिआ, १९८२). रस्त्यावरून आलात तर इमारत समोर उभी नसते, गच्च्या आणि अंगणं पायरी-पायरीने तळ्याकडे उतरत जातात आणि दालनं त्यांच्या पोटात असतात. माणूस छपरावरूनच चालत असतो, त्याला ते उशिरा कळतं.

उतरण:
काल रात्री हे सगळं दोनदा वाचलं. काका, मला 'तू'च म्हणा.

आज साइटवर गेले. झाडांचे घेर मोजले. सगळ्यात मोठ्याचा व्यास १.३ मीटर निघाला, म्हणजे साडेपंधरा मीटरहून जास्त त्रिज्या. माझ्या पर्याय दोनचा एक कोपरा थेट त्याच्या मुळांवर होता, आणि त्याच कोपऱ्याच्या स्केचला ऑफिसमध्ये सगळ्यांनी वाहवा दिली होती.

'बिघडलेली जागा कुठली' या प्रश्नाने मला खजील केलं. आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात जुनी दगडाची खाण आहे, साधारण ५० बाय ३५ मीटर, सात मीटर खोल, एका बाजूने उघडी. सर्वेक्षणाच्या नकाशात नुसतं 'खड्डा' लिहिलंय. समितीने ती पार्किंगसाठी धरलीये, कारण 'तशीही खराबच आहे'. मुख्य रस्ता तिथून जेमतेम साठ मीटरवर. जुन्या दगडाच्या गाड्यांची वाट अजून शाबूत आहे, गवताने झाकलेली. ट्रकची रेघ काढायला गेले तर ती कुणीतरी आधीच काढून ठेवलेली.

खाणीच्या मागच्या भिंतीत थर उघडे पडलेत. संग्रहातल्या खडकांचे नमुने ज्या थरांचे आहेत त्यातले निदान दोन तिथे उभे दिसतात. मी अर्धा तास नुसती बघत बसले.

आता डोक्यात असं आहे: संग्रहालय खाणीत, छप्पर वरच्या जमिनीच्या पातळीला, कातळाची एक भिंत तशीच उघडी. हर्बेरियम खाणीबाहेर, कोरड्या उंच जागी, लहानशी पायांवर उभी इमारत, आणि दोन्हींना जोडणारी वाट त्याच वनस्पतींमधून. गाड्या रस्त्यालगत, तिथून चालत. पण अध्यक्षांना माथ्यावरून दिसणारा देखावा हवाय आणि खाणीतून आकाशाशिवाय काही दिसत नाही. शिवाय मला भीती वाटतेय की मी एका कल्पनेच्या प्रेमात पडलेय.

रेघोट्या:
काय खाण हाती लागलीये! (शब्दशः.)

जपानमधली केंगो कुमा यांची किरो-सान वेधशाळा (देखावा बघायची जागा) बघ, १९९४. बघायची कशी म्हणा, ती दिसतच नाही. बाग करायला डोंगराचा माथा आधीच सपाट करून टाकला होता. त्यावर आणखी एक इमारत उभी करण्याऐवजी त्यांनी माथा परत भरला आणि त्यात चीर पाडल्यासारखी अरुंद जागा ठेवली. तिथे देखावा शेवटच्या पायरीपर्यंत लपलेला असतो. अध्यक्षांना सांग, देखावा वाटेच्या शेवटी मिळेल, दारात नाही. अमेरिकेतल्या ग्लेनस्टोन संग्रहालयालाही गाड्या झाडांमध्ये सोडून बरंच चालावं लागतं.

माझं 'बिनधास्त पुरून टाका' मी मागे घेतो. निम्मं.

पाणसळ:
बरं, तू म्हणतो.

खाण मलाही आवडली, म्हणूनच आधी पाणी ओततो. सात मीटर खोल, तीन बाजूंनी बंद खड्डा म्हणजे निसर्गाने बांधून दिलेली टाकी. कातळ फुटलेला असतो, भेगांतून पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे चाचणीच्या पाच खड्ड्यांवरून कळणार नाही. एक बाजू उघडी आहे म्हणालीस, तिथली जमीन खाणीच्या तळाच्या वर आहे की खाली? खाली असेल तर नुसत्या उताराने पाणी बाहेर काढता येईल. तसं असेल तर देव पावला. वर असेल तर पंप, आणि पंपाबद्दल मी वर लिहिलंच आहे. पंपावर अवलंबून असलेल्या खोलीत मी माझी चप्पलसुद्धा ठेवणार नाही.

उघडी कातळभिंत दालनाच्या आत घेऊ नकोस. फोटोत छान दिसते, पण ती घाम गाळते, पावसाळ्यात रडते, आणि भेगेतून मूळ आलं की दगड सुटतो. तिच्यात आणि इमारतीत तीन-चार मीटरचं अंगण सोड, वर उघडं. पाऊस त्यात पडू दे. लोक काचेतून भिंत बघतील, वाटसरूंचे ठिपके काचेला लाव. भूवैज्ञानिकाला आणून आधी भिंतीचे सुटे दगड काढून घे. सगळे थर उभ्याने दिसतील आणि तुला त्या बाजूला मातीचा दाब पेलणारी भिंत बांधावीच लागणार नाही. माझ्या हिशेबात हा सगळ्यात मोठा फायदा, देखाव्याहून मोठा.

छपराबद्दल. खाण आधीच खणलेली आहे, डंपरच्या फेऱ्या वाचल्या. वर गवतच ठेव, वीतभर मातीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसवर (रेंझो पियानो, २००८) अडीच एकर छपरावर तिथल्याच वनस्पती लावल्यात, पण त्याची देखभाल करणारी माणसं आहेत. तुमच्या समितीला विचार, पाच वर्षांनी छपरावर वडा-पिंपळाचं रोप उगवलं तर ते कोण उपटणार? नाव लिहून घे. हसू नकोस, तेच एक मूळ मेंब्रेन फाडतं.

वाटेचा चढ १:२० पेक्षा कमी ठेव. चाकाची खुर्ची कठड्याशिवाय जाते आणि म्हाताऱ्यांना तो चढ वाटतच नाही. पार्किंगपासून हर्बेरियमपर्यंत सहा मीटर चढायचे असतील तर १२० मीटर वाट. तेवढ्या लांबीत तुझ्या कितीतरी वनस्पती बसतील.

हे सगळं पावसानंतर. एकही रेघ पक्की करू नकोस. जोराचा पाऊस चालू असताना खाणीत जा, एकटी जाऊ नकोस. खुंट्या आणि हातोडी ने. पाणी जिथून येतं तिथे एक खुंटी, साठतं तिथे एक, बाहेर पडतं तिथे एक. दुसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी परत जा.

कसर:
हर्बेरियम वेगळं, उंचावर आणि पायांवर: माझं मत शंभर टक्के. फक्त पायांना वाळवी चढते. प्रत्येक पायाला धातूची कड दे, आणि इमारतीखाली माणूस वाकून जाऊ शकेल एवढी उंची ठेव, म्हणजे बघता येईल.

उतरण:
पाऊस यायला अजून वेळ आहे, पण मला राहवलं नाही. आज सहकाऱ्याला घेऊन पाणसळ आणि टेप लावून आले (काका, खरी पाणसळ, पारदर्शक नळीची. ऑफिसमध्ये एक होती, कुणी वापरत नव्हतं).

उघड्या बाजूची जमीन खाणीच्या तळापेक्षा ४० सेंटीमीटर वर आहे. पण तिथे पंचवीसेक मीटर लांबीचा फुटक्या दगडांचा बांध आहे, खाणवाल्यांनी टाकलेला. त्याच्या पलीकडे जमीन सरळ ओढ्याकडे उतरते. बांधातून चर काढली तर तळाच्या खाली जाता येईल असं दिसतंय, लेव्हल घेऊन नक्की करते.

आणि मागच्या कातळावर, तळापासून १.४ मीटरवर, खाणीच्या तिन्ही बाजूंना एकाच पातळीत एक पांढुरकी रेघ आहे. सहकारी म्हणाला थर असेल. थर तिरके आहेत, ही रेघ आडवी आहे. नळी लावून बघितली, दोन्ही टोकं बोटभरही वर-खाली नाहीत.

काका, ही पाण्याची खूण ना?

पाणसळ:
हो. खुंट्या ठोकायच्या आधीच पहिली खुंटी सापडली. रेघेचा फोटो टेपसकट काढून ठेव, आणि समितीच्या बैठकीआधी तो बांध कुणी 'साफसफाई' म्हणून हलवणार नाही एवढं बघ. लेव्हल आल्या की इथेच टाक.